हेअर ट्रान्सप्लांटनंतर मागची बाजू ठणकते, कपाळ सुजलंय. नेहमीचं आहे का?

खानापूरकर
मंडळी, हुबळीला जाऊन एफयूई (डोक्याच्या मागचे केस एकेक करून मुळासकट काढून पुढं लावतात ते) करून आलो. बधिरीच्या सुया टोचताना डोळ्यांतून पाणी आलं, नंतर काही कळलं नाही. पुढं जिथं केस लावले तिथं त्रास नाही. मागं जिथनं काढले, तिथं मात्र रात्रभर ठणकतंय, उशीला डोकं टेकवत नाही. आज सकाळी कपाळ सुजलं, सूज भुवयांवर उतरली. आई घाबरून गेलीय. क्लिनिकवाल्यांनी 'होतं असं' म्हणून फोन ठेवला. रोज बेळगावला मोटरसायकलनं जातो, हेल्मेट कधी घालू? कुणी करून घेतलंय का?

निपाणीचा
भाऊ, माझंही असंच झालं होतं. आईंना आधी धीर द्या. डोक्यात टोचलेलं औषध-पाणी खाली उतरतं, त्याची ही सूज. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांपर्यंत येते, पापण्या जड होतात, आठवडाभरात ओसरते. बर्फ फडक्यात गुंडाळून फक्त कपाळावर धरा, लावलेल्या केसांवर अजिबात नको.

मागं एक मिलिमीटरच्या आसपासची बारीक भोकं शेकड्यांनी पडलेली असतात, ठणकणारच. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपा. प्रवासात वापरतात ती मानेची गोल उशी घ्या, डोक्याची मागची बाजू अधांतरी राहते. मला खरी झोप तिनंच दिली. दुखलं तर डॉक्टरांनी दिलेलीच गोळी घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, रक्त येऊ शकतं.

आणि खपल्या! प्रत्येक केसाच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढी खपली धरते आणि खाज अशी सुटते की जीव नको होतो. नख लावायचं नाही. सलाइनचा फवारा मारत राहा, डॉक्टरांनी सांगितलं की मगानं हळू पाणी सोडा. दहा दिवसांच्या आसपास त्या आपोआप गळतात.

हेल्मेटला निदान दोन आठवडे थांबा, तेही डॉक्टरांना विचारून. तोवर बसनं नाहीतर रेल्वेनं जा. हेल्मेटशिवाय गाडी काढू नका.

अनगोळची ताई
माझ्या धाकट्या भावानं केलंय, म्हणून सांगते. दोन-तीन आठवड्यांनी लावलेले केस गळायला लागतात. टॉवेलवर पडलेले केस बघून तो जेवेना झाला होता. केस गळतात, मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लव दिसते, पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. मागची बधिरताही काही महिने राहू शकते.

पण ताप आला, पू किंवा वास आला, दुखणं कमी व्हायच्या जागी वाढलं, कातडी काळी पडली, तर फोनवर समाधान मानू नका. त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठा. राष्ट्रीय वैद्यक आयोगानंही 2022 मध्ये बजावलंय, हे काम सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचं. वाचणाऱ्यांपैकी कुणी करणार असेल तर डॉक्टरची पदवी आधी विचारा.

खानापूरकर
लई धीर आला. आईला वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात आमची भात लावणी आहे, शेतात उतरलो तर चालेल?

निपाणीचा
नको भाऊ. दिवसभर वाकून डोक्यात रक्त उतरतं, त्यात घाम आणि चिखलाचे शिंतोडे. यंदा लावणीला माणूस सांगा. बांधावर जायचं तर सैल टोपी चालते का, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.