एकाच बाथमध्ये (रंगाच्या पाण्यात) रंगवलेली हूडी: रिब गडद, खिसा फिका

इचल_प्रोसेस: शिवलेल्या हूडी रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध करणाऱ्या) रंगात ऑलिव्ह करतोय. अंगाला सुती लूपनिट (आतून फासे असलेलं निट कापड), मनगट-कमरेला ९५/५ कॉटन-लायक्रा रिब (उभ्या खाचांचं ताणणारं निट), खिशाला सुती ट्विल (तिरप्या रेघांचं मागावरचं कापड). कापडाच्या वजनावर पिवळा १.२, लाल ०.४, निळा ०.९ टक्के. लिटरला मीठ ५० ग्रॅम, सोडा ॲश १५ ग्रॅम, ६० अंश, कापड-पाणी प्रमाण १:१५. रिब गडद येते, ट्विल फिकं आणि हिरवट, शिलाई पांढरीच. रेसिपीत काय बदलू?

रंगमाप: रेसिपीला हात लावू नका. ती बदलली की तिन्ही कापडं सोबतच सरकतील, फरक तसाच राहील. घोळ रंगाच्या आधीचा आहे.

ट्विलवर आयोडीनचा थेंब टाका. निळा पडला तर ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) खळ, म्हणजे स्टार्च, शिल्लक आहे. स्टार्चही रिॲक्टिव्ह रंग पकडतं आणि धुलाईत तो रंग घेऊनच निघून जातं, म्हणून कापड फिकं. शिवण्याआधी अमायलेझने (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमने) डिसायझिंग, म्हणजे खळ काढणं, हवंच. लायक्रावर सिलिकॉन तेल असतं, तेव्हा रिबच्या स्काउरिंगला (रंगाआधीच्या धुलाईला) इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारं रसायन, घाला. मग तिन्हींवर पाण्याचा थेंब: साधारण ३ सेकंदांत, आणि मुख्य म्हणजे सारख्याच वेळात मुरायला हवा. ब्लीचनंतरचं पेरॉक्साइड कॅटलेझ एन्झाइमने मारून चाचणी-पट्टीने तपासा, ते उरलं तर रंग खातं. बाथचा पीएच सुरुवातीला ६ ते ६.५.

इचल_प्रोसेस: ट्विलवर निळा डाग पडला! पण रिबवर थेंब लगेच मुरतो. मग ती गडद का?

निटवाला: रिब आणि अंग, दोन्हींतून सूत उसवा आणि शेजारी ठेवा. सुतं सारखी दिसली तर रंग तेवढाच चढलाय. रिबच्या खाचांत सावली पडते आणि लायक्राने ती आणखी दाटते. तिथे केमिकल काही करणार नाही. बारीक १×१ रिब (एक टाका उलट, एक सुलट) घ्या, किंवा ग्रे स्केलवर (रंगातला फरक मोजायच्या करड्या पट्टीवर) किती फरक चालेल ते पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, आधीच लिहून घ्या. सुतंच वेगळी दिसली तर कापूस वेगळा आहे: पुढच्या वेळी दोन्ही कापडं एकाच सुताच्या लॉटमधून विणून घ्या.

फिकेपणा खळीचा असेल, पण हिरवट झाक म्हणजे लाल मागे पडतोय. तिन्ही रंग एकाच सिरीजचे, सारख्या वेगाने चढणारे निवडा. मीठ तीन हप्त्यांत, सोडा ४० मिनिटांत हळूहळू सोडा. आणि लॅबमध्ये तिन्ही कापडं हूडीतल्या वजनाच्या प्रमाणात एकाच बीकरमध्ये रंगवा. वेगवेगळी रंगवली तर त्यांची आपसातली ओढाताण दिसतच नाही.

शिलाई_क्यूसी: दोरा पॉलिस्टरचा दिसतोय, तो डिस्पर्स (पॉलिस्टरसाठीच्या) रंगाशिवाय रंगणार नाही. गारमेंट डाईंगसाठीचा सुती दोरा मागा, शक्यतो मर्सराइज (कॉस्टिकमधून काढून चमकदार) न केलेला, कारण मर्सराइज केलेला कापडापेक्षा गडद येतो. सुती दोरा ताकदीला कमी, तेव्हा एक नंबर जाड घ्या. शेड डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा दिवा) सोबत टीएल८४ (दुकानातल्या ट्यूबसारखा दिवा) खालीही बघा. तीन रंगांचं ऑलिव्ह आणि आधीच रंगवलेली नाडी किंवा लेबल उन्हात जुळतात आणि दुकानाच्या ट्यूबखाली वेगळे दिसतात.