'वाईट खेळतोय' म्हणजे काय? सोंग, भूमिका आणि कर्म

भुसावळहून प्रश्न:
आखाजीला बहीण माहेरी आली, सोबत भाचा. लॅपटॉपवर बाल्डर्स गेट ३ (२०२३) खेळत होता. म्हणाला, "मामा, मी या वेळी वाईट खेळतोय." मी म्हटलं, "मग सराव कर." त्याला म्हणायचं होतं, दुष्ट पात्र घेऊन खेळतोय; ही मुलं त्याला 'ईव्हिल रन' म्हणतात. त्या खेळात निर्वासितांची वस्ती आहे, तिच्यात लहान मुलंही आहेत. वस्ती वाचवायची की हल्लेखोरांना जाऊन मिळायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. हा हल्लेखोरांकडे गेला, आणि खेळातले त्याचे दोन सोबती त्याला सोडून निघून गेले. बराच वेळ माउसला हात न लावता बसून होता. विचारलं तर अहिराणीत म्हणाला, "मामा, हाई सोंग शे, मी नही." अशा खेळण्याला मराठीत काय म्हणावं?

धुळ्याहून:
भाच्याचाच शब्द घ्या, सोंग. फक्त त्याच्या आधी काय येतं ते पाहा. 'झोपेचं सोंग' घेणारा समोरच्याला फसवतो. 'रावणाचं सोंग' घेणारा कुणालाच फसवत नाही, बघणाऱ्यांना सगळं ठाऊक असतं. रात्री दहा तोंडं लावून गरजलेला माणूस सकाळी टपरीवर चहा पिताना दिसतो आणि कुणी त्याच्यापासून दूर सरकत नाही. अवस्थेचं सोंग म्हणजे लबाडी, व्यक्तीचं सोंग म्हणजे कला. भाच्याचं दुसऱ्या जातीचं आहे.

अमळनेरहून:
मला सोंग अपुरं वाटतं. सोंगातल्या रावणाला सीता पळवावीच लागते, ते त्याने ठरवलेलं नसतं. इथे पोराला कुणी भाग पाडलं नव्हतं, दुसरी वाट उघडी होती. म्हणून 'भूमिका' म्हणा. नाटकात आपण भूमिका करतो, आणि गावच्या पाण्याच्या प्रश्नावर भूमिका घेतो. एकाच शब्दात पात्रही आहे आणि बाजूही. त्या वस्तीपाशी तुमच्या भाच्याने भूमिका केली आणि घेतलीही. म्हणूनच त्याचा हात थांबला असेल. इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना 'ईव्हिल रन' कशाला म्हणायचं?

जळगावहून:
भूमिका पटली. पण मला या खेळांतला आणखी एक शब्द खुपतो, आणि तो आपलाच आहे: कर्म. फॉलआउट ३ मध्ये (२००८) एका गावाच्या मध्यभागी न फुटलेला अणुबॉम्ब असतो. तो फोडून गाव बेचिराख करता येतं, मग तुमचं 'कर्म' घटतं. तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाणी दिलं की वाढतं. मराठीत वाढतं-घटतं ते पुण्य. कर्म म्हणजे केलेलं काम, ते केलं की झालं. आपल्या वैशाखात पाणपोई घालणाऱ्याला लोक पुण्यवान म्हणतात, कर्मवान कुणी म्हणत नाही. आणि गाव जाळून कुणी पाणपोया घातल्या, तर त्याची बेरीज-वजाबाकी करून खातं कोण मिटवेल? त्या आकड्याला 'पुण्याई' म्हणावं, फार तर 'पाप-पुण्याचा हिशेब'.

पुन्हा भुसावळहून:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'भूमिका' घेतो. काल भाच्याला फोन करून हे सांगितलं. त्याने वस्तीच्या आधीचा सेव्ह, म्हणजे खेळाचा साठवून ठेवलेला टप्पा, उघडून तो भाग परत खेळला होता. विचारलं, "वाचली का वस्ती?" म्हणाला, "वाचली मामा. पण पहिला सेव्हही ठेवलाय, पुसला नाही."