समाविष्ट गावांना फुकटे म्हणणाऱ्यांसाठी

धायरीकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "समाविष्ट गावांना पुण्याच्या सोयी फुकट हव्यात, कर म्हटला की पोटात दुखतं." वाचून डोकं फिरलं. २०१७ साली आमची ११ गावं महापालिकेत घेतली, ३० जून २०२१ला आणखी २३. ११ गावांना मिळून नगरसेवक दोन, तेही २०१९च्या पोटनिवडणुकीत. १५ मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं तेही नव्हते. सरकारने नेमलेला आयुक्तच प्रशासक होता. ठराव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. आधी निदान सरपंचाच्या ओट्यावर जाऊन भांडता यायचं.

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला जीबीएस आला, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार. माझ्या चुलत्याच्या हातातून सकाळी चहाचा कप सुटला आणि संध्याकाळपर्यंत त्यांना उभं राहता येईना. त्यांना नेमकं कुठलं पाणी बाधलं ते मला सांगता येणार नाही. पण इथल्याच नांदेड गावच्या विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून या भागात सोडायचे, याची चर्चा माणसं आजारी पडल्यावर झाली. कर कशाचा मागता?

कसब्यातला:
काकांचं वाईट वाटलं. पण गुंठे विकले कुणी? सहा फुटांच्या बोळात चार मजले चढले तेव्हा ग्रामपंचायत तुमचीच होती. आता तिथे बंब शिरत नाही. पूर्ण कर एकदम लागत नाही, पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर असतो, पुढे टप्प्याटप्प्याने वाढतो. आणि गावं आत येणार म्हटल्यावर ऐनवेळी भाऊबंदांना शिपाई, लिपिक म्हणून चिकटवलं. त्यांचे पगार माझ्या करातून!

नदीकाठची:
चिकटवलं? माझा भाऊ बारा वर्षं गावाला पाणी सोडायचा. पहाटे साडेतीनला सायकल काढायचा, व्हॉल्व्हची लोखंडी किल्ली फिरवून तळहाताला घट्टे पडलेत. महापालिकेत वर्ग होणाऱ्यांची यादी लागली तेव्हा त्याच्या वर सात नावं, गावात कुणी कधी न पाहिलेली. मग चौकशी लागली आणि बोगस नावांबरोबर याचाही पगार अडकला. आठ महिने वहिनीने शिवणकामावर घर चालवलं. तुम्ही त्यालाच चोर ठरवताय.

कसब्यातला:
तुमच्या भावाला कोण काय म्हणालं? पण ती सात नावं घातली कुणी? सरपंच तुमचाच ना?

नदीकाठची:
तुमचाच म्हणजे काय? मी त्याच्या विरोधात मत दिलं होतं. ग्रामसभेत हजेरीपत्रक मागितलं तर "ताई, घरचं बघा" असं ऐकून घेतलंय मी चारशे माणसांत. तुमच्या वॉर्डात चुकीचा माणूस निवडून आला तर तुमच्या भावाचा पगार थांबवतात का?

सासवड रस्ता:
नोकरभरतीवर किती भांडाल? फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही आमची दोन गावं महापालिकेतून बाहेर पडली, २०२४ला वेगळी नगरपरिषद झाली. तिथेही सुरुवातीला प्रशासकच. आणि कचरा डेपो आहे तिथेच आहे! आम्ही महापालिकेत नव्हतो तेव्हाही पुण्याचा कचरा आमच्याच उशाशी होता. विहिरींचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आमच्या आत्याच्या लग्नात पंगतीला पाणी विकत आणलं होतं, विहीर अंगणात असून. कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा पेठांतले लोक आम्हाला आडमुठे म्हणत होते.

कसब्यातला:
डेपोचं मान्य. तो अन्यायच आहे, त्यावर वाद घालत नाही. पण म्हणून कर बुडवायचा?

धायरीकर:
बुडवायचं कोण म्हणतंय? हिशेब मागतोय. २०२१च्या २३ गावांत रस्ते, पाणी, ड्रेनेज महापालिकेने द्यायचं आणि बांधकाम परवानगीचं शुल्क पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, जमा होत आलं. मग पैसा येणार कुठून? गावं आत घेताना ही सोय लावून दिली कुणी? त्यांना विचारा की दोन शब्द!

कसब्यातला:
पीएमआरडीएचा मुद्दा बरोबर आहे. याचा भुर्दंड आम्हालाही बसतो. तरी सहा फुटी बोळांचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

धायरीकर:
बोळ चुकलेच. आमच्याच लोकांनी पैशासाठी केले, आणि त्यातल्या एका बोळात मीही राहतो.

नदीकाठची:
बोळांचं झालं असेल तर माझं ऐका. "चिकटवलं" तेवढं मागे घ्या. भाऊही हे वाचतो.