ड्रॉ डॉट आयओच्या आकृतीत नेमकं काय बदललं, हे गिटमध्ये कसं बघायचं?

पाटीपेन्सिल: नमस्कार मंडळी. सर्व्हिसेसच्या आकृत्या ड्रॉ डॉट आयओत (आकृत्या काढायचं साधन) काढून कोडसोबतच गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) ठेवल्या आहेत. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीसाठी मांडतात तिथे) डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, उघडला की एक लांबलचक ओळ लाल, तशीच एक हिरवी. पीएनजी काढून एकावर एक ठेवल्या, तर एखादा डबा जरा सरकवला तरी निम्मं चित्र रंगतं. रिव्ह्यू करायचा कसा?

शून्यएक: ती ओळ म्हणजे दाबून (डिफ्लेट) आणि मग अक्षरांच्या साखळीत (बेस-64) बदललेला एक्सएमएल, म्हणजे टॅगांमध्ये लिहिलेली आकृती आहे. फाइल मेनूत प्रॉपर्टीज उघडा, 'कॉम्प्रेस्ड'ची खूण काढा आणि सेव्ह करा. एवढाच बदल वेगळ्या कमिटमध्ये टाका. मग प्रत्येक डबा, प्रत्येक बाण स्वतंत्र 'एमएक्ससेल' म्हणून दिसेल. मजकूर 'व्हॅल्यू'त, बाणाची टोकं 'सोर्स' आणि 'टार्गेट'मध्ये, जागा आतल्या 'एमएक्सजॉमेट्री'त. नुसते एक्स-वाय बदलले असतील तर डबा सरकवलाय, सोडून द्या. 'टार्गेट' बदललं असेल तर मात्र थांबून बघा.

सेतू: तरी जॉमेट्री आणि स्टाइलचा कचरा उरतोच. गिटचं 'टेक्स्टकन्व्ह' वापरा, म्हणजे डिफ दाखवण्याआधी फाइल आपल्या स्क्रिप्टमधून वाचनीय मजकुरात बदलून घ्यायची सोय. पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहून जॉमेट्री-स्टाइल गाळायची आणि 'डबा: ऑर्डर', 'ऑर्डर → पेमेंट' अशा ओळी वर्णानुक्रमे छापायच्या. स्क्रिप्ट हमखास चुकते ती इथे:

बाणावर डबल-क्लिक करून लिहिलेलं लेबल बाणाच्या 'व्हॅल्यू'त नसतं. बाण ज्याचा 'पेरेंट' आहे अशा वेगळ्या सेलमध्ये जातं. डब्याला जादा डेटा जोडला असेल तर सेलभोवती 'ऑब्जेक्ट' टॅग येतो आणि आयडी, लेबल त्या टॅगवर जातात. आणि डब्याला टेकलेला दिसणारा पण न चिकटलेला बाण: त्याला 'टार्गेट'च नसतं. असे लटकते बाण वेगळे छापा, चित्रात ते कधीच सापडत नाहीत.

गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल (ही सोय कोणत्या फाइलींना लावायची ते सांगणारी) रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात जाते, पण टेक्स्टकन्व्हचं कॉन्फिग क्लोनबरोबर येत नाही. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर घालायचं. गिटहबच्या पानावर हे चालतही नाही, तिथे सीआयमधून (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) कमेंट टाकावी लागते.

पाटीपेन्सिल: झकास. पण आर्किटेक्टना चित्रच हवंय. त्यापेक्षा प्लांटयूएमएलवर (मजकूर लिहून आकृती काढणारं साधन) जावं का?

शून्यएक: मजकुराच्या डिफसाठी उत्तम, चित्राच्या तुलनेसाठी वाईट. क्लास किंवा कंपोनंट आकृतीची मांडणी एरवी ग्राफव्हिझ हे सॉफ्टवेअर आपलं आपण ठरवतं, त्यामुळे एक बाण वाढला की सगळे डबे जागा बदलू शकतात. ड्रॉ डॉट आयओत जागा तुमच्या हातात असते, हा मोठा फायदा आहे. तो सोडू नका.

सेतू: पिक्सेल जुळवू नका, आयडी जुळवा. नव्या फाइलची प्रत घ्या; जुन्यात नसलेले सेल हिरवे करा, 'व्हॅल्यू' किंवा टोकं बदललेले पिवळे. काढून टाकलेले जुन्या फाइलमधून जुन्याच जागी उचलून आणा, लाल तुटक रेषेत. मग डेस्कटॉप अ‍ॅपच्या कमांडने पीएनजी काढा. पानाचा क्रमांक दिला नाही तर पहिलंच पान येतं, बाकीची पानं गुपचूप राहून जातात.

टीमला एकच पथ्य सांगा: डबा पुसून नवा काढायचा नाही, आहे तोच बदलायचा. नवा काढला की आयडी नवा, मग साधं नाव बदललं तरी एक लाल आणि एक हिरवा डबा दिसणार.