मालदीवचे 600 कोटी आणि कुणीच न विचारलेला प्रश्न

वाकडी_वाट
काल रात्री शाळेच्या ग्रुपवर पोस्ट आली: 'मालदीवला 600 कोटी फुकट, मराठवाड्यात टँकरला पैसे नाहीत. खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा.' खाली चाळीस अंगठे. तिथे उत्तर दिलं तर ॲडमिन हाकलेल, म्हणून इथे.

आकडा खरा आहे. 2025-26 च्या बजेटमध्ये परराष्ट्र खात्याला 20,516 कोटी. त्यातून मालदीवला 600, नेपाळला 700, मॉरिशसला 500 आणि एकट्या भूतानला 2,150. भूतानवर पोस्ट येत नाही, कारण भूतानशी आपलं फेसबुकवर भांडण झालेलं नाही. आणि हे अख्खं खातं म्हणजे बजेटच्या शंभर रुपयांतले चाळीस पैसे. त्यात टँकर शोधणाऱ्यांना शुभेच्छा.

चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. 2023-24 ला मालदीवसाठी 400 कोटी धरले होते, सुधारित अंदाजात 770 झाले. तेही तिकडे 'इंडिया आउट', म्हणजे भारताला बाहेर काढा ही मोहीम, जोरात असताना. वाढवले असतील योग्य कारणाने, पण सभागृहात उभं राहून ते कारण विचारायची वेळ येते कधी? मार्च 2023 मध्ये त्याच वर्षाचं 45 लाख कोटींचं बजेट गोंधळात, एका शब्दाच्या चर्चेविना पास झालं. एरवी चार-पाच खात्यांवर भाषणं होतात आणि बाकीच्यांच्या खर्चाच्या मागण्या शेवटच्या दिवशी गिलोटिन, म्हणजे चर्चेविना एकगठ्ठा मंजूर.

सदाशिव_कट्टा
पटलं नाही. परराष्ट्र धोरण म्हणजे हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा नव्हे. मालदीवला जास्त का दिले हे मंत्र्याने लोकसभेत उलगडून सांगायचं म्हणजे बीजिंगला घरपोच कळवायचं. आणि चर्चा होत नाही हे अर्धसत्य. परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती कशासाठी आहे? 31 खासदार, अध्यक्ष विरोधी बाकांवरचे शशी थरूर. तिथे बंद दाराआड सचिवांना घाम फुटतो. बाय द वे, 2013 लाही सगळ्या मागण्या चर्चेविनाच गेल्या होत्या. तेव्हा धागा काढलेला दिसला नाही.

वाकडी_वाट
2013 ला मी बारावीत होतो, क्षमस्व. 2004, 2013, 2018, 2023, चारही लिहून ठेवा. सरकारं दोन्ही बाजूंची आहेत, खुश?

समितीचे अहवाल मी वाचलेत, तुम्ही? त्यांचं रडगाणं बहुतेक वेळा एकच: खात्याला पैसे कमी मिळतात आणि मिळालेले वेळेत खर्च होत नाहीत. शिफारशी बंधनकारक नाहीतच. कलादान प्रकल्प बघा, म्यानमारमधून ईशान्य भारताला समुद्राशी जोडणारा. म्यानमारशी करार 2008 चा, खर्च 536 कोटी धरलेला, 2015 मध्ये तो 2,904 कोटी. सित्वे बंदर 2023 ला सुरू झालं, रस्ता रखडला आणि जानेवारी 2024 मध्ये त्याच मार्गावरचं पलेत्वा गाव अराकान आर्मी या तिथल्या बंडखोरांनी घेतलं. सचिवांचा घाम नक्की कुठे गेला?

आणि एक्झिम या सरकारी आयात-निर्यात बँकेमार्फत देशोदेशी जी कर्जं जातात ती या 20,516 कोटींत नाहीतच. त्यांच्या व्याजाचा भार अर्थखात्याच्या मागण्यांत असतो. म्हणजे पाहुणे बोलावणार एक खातं, किराण्याची चिठ्ठी दुसऱ्याकडे.

मळीवाला
एक्झिमचा विषय निघाला म्हणून. इथिओपियाला साखरेसाठी आपण 64 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यातल्या एका कारखान्यावर मी दोन वर्षं होतो, बॉयलरला. 75 टक्के माल भारतातूनच घ्यायची अट असते, त्यामुळे नट-बोल्टपासून फिटरपर्यंत सगळं आपलंच. निम्मे सांगली-कोल्हापूरचे. त्यामुळे 'पैसे परदेशात गेले' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पण गंमत अशी की मिल उभी राहिली तेव्हा ऊस नव्हता आणि ऊस उभा राहिला तेव्हा टर्बाइनचा भाग जिबूतीच्या बंदरात पडून. दिल्लीहून एक साहेब आले, हार घालून घेतला, फोटो काढले, गेले. ठेकेदाराचं नाव घेत नाही. त्याच्याकडे माझा चार महिन्यांचा पगार अजून अडकलाय.

धुक्यातला
इकडे ब्रिटनमध्ये पेर्गाव धरण गाजलं होतं. मलेशियाला धरणासाठी 23 कोटी 40 लाख पौंड, पाठीमागे शस्त्रविक्रीची बोलणी. 1991 ला तिथल्या मदतखात्याच्या सचिवानेच लेखी हरकत घेतली की हा पैशाचा अपव्यय आहे. मंत्र्यांनी लेखी हुकूम देऊन पैसे सोडले. तो कागद होता म्हणून ऑडिटवाले आणि लोकलेखा समिती मागे लागू शकली आणि 1994 ला कोर्टाने मदत बेकायदा ठरवली. आपल्याकडे असा कागद निघतो का?

खडूस_काकू
आली विलायतेची आरती. तुमच्या त्याच पार्लमेंटात फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान उभे राहिले आणि परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यावरून 0.3 वर आणणार म्हणाले. आधी मतदान नाही, काही नाही. मदतखात्याच्या मंत्रीणबाईंनी राजीनामा दिला आणि समित्यांनी पत्रं लिहिली. मदत 0.7 टक्के हवी हा कायदा अजून पुस्तकात आहे म्हणे. लोणच्यासारखा, बरणीत.

धुक्यातला
काकू, 0.7 चं 0.5 झालं तेव्हा निदान मतदान झालं होतं, 2021 मध्ये. 333 विरुद्ध 298. कुणी कुठे हात वर केला ते नावानिशी छापलंय. बरणीबद्दल मात्र नाइलाजाने सहमत.

तेरणेचं_पाणी
सगळे देणाऱ्याच्या बाजूने बोलताय. मदत घेतलेला कुणी आहे का इथे? मी आहे.

औसा तालुका. 1993 चा किल्लारीचा भूकंप, विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास. माळवदाची घरं होती, दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती. आजी आणि धाकटा काका गेले. नंतर जागतिक बँक आली, देशोदेशीच्या संस्था आल्या. आमचं गाव एका संस्थेने दत्तक घेतलं. घर किती मोठं ते जमिनीवरून, 250 चौरस फुटांपासून 750 पर्यंत. ज्याला जमीन नाही त्याला खुराडं. रस्ते सरळ, घरं ओळीत, बैल बांधायला जागा नाही आणि शेत तीन किलोमीटर लांब. वडिलांनी सिमेंटच्या घरात कडबा ठेवला आणि शेजारी पत्र्याचं शेड मारून आम्ही त्यात झोपलो. पहिली दोन वर्षं स्लॅबखाली झोपायची भीतीच वाटायची. भूकंपरोधक आहे हे सांगायला फलक होता, इंग्रजीत.

हे त्या देशातल्या कुठल्या खासदाराने विचारलं असेल? त्यांच्या फायलीत आमचं गाव 'पूर्ण' आहे.

सदाशिव_कट्टा
दुःखाबद्दल आदर आहे, पण मुद्दा भरकटतोय. जागतिक बँकेचं ते कर्ज होतं, 24 कोटी 60 लाख डॉलरचं. मदत नव्हे. आणि 52 गावं नव्या जागी बसवायची म्हणजे कुणाकुणाला विचारत बसणार? छत मिळालं ना?

तेरणेचं_पाणी
छत मिळालं ना? वा. पुण्यात बसून असंच सुचतं. संस्थेचे पैसे कर्ज नव्हते साहेब, देणगी होती, आणि ती देणाऱ्याच्या नकाशाप्रमाणे खर्च झाली. तुम्ही कधी पाय ठेवलाय तिकडे?

खडूस_काकू
ठिणगी पडली. किल्लारीचा वेगळा धागा काढा की.

मळीवाला
नको, इथेच चालू द्या. मालदीवपेक्षा हे बरं आहे.

सदाशिव_कट्टा
ठेवलाय. कॉलेजच्या पथकातून गेलो होतो, चौथ्या दिवशी. तोंडाला रुमाल बांधून ढिगारे उपसलेत. पाऊस चालू होता आणि लाकडं ओली, चिता पेटत नव्हत्या. त्यानंतर तिकडे फिरकलो नाही हेही खरं. 'छत मिळालं ना' हे वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

वाकडी_वाट
धागाकर्ता म्हणून क्षीण आवाजात: हाच तर मुद्दा होता. उद्या माले बेटावरचा कुणी असंच लिहील की भारताने बांधून दिलं आणि बैल बांधायला जागा नाही.

खडूस_काकू
मालदीवमध्ये बैल?

वाकडी_वाट
होडी म्हणा. कट्टासाहेब, समितीच्या बैठका बंद दाराआडच असू देत, माझी हरकत नाही. पण प्रकल्प संपल्यावर पाच वर्षांनी तिथे जाऊन काय दिसलं याचा कागद सभागृहात ठेवायला बीजिंगची अडचण काय?

सदाशिव_कट्टा
पाच नाही, दहा वर्षांनी. आणि शेजारी देश वगळून.

वाकडी_वाट
शेजारी वगळले तर उरलं काय? मॉरिशस?

मळीवाला
इथिओपिया घ्या की. मी येतो पंच म्हणून, पगाराचंही बघता येईल.

तेरणेचं_पाणी
@सदाशिव_कट्टा, कुठल्या गावात होतात तुम्ही?

सदाशिव_कट्टा
नाव खरंच आठवत नाही. वेशीजवळ मारुतीचं देऊळ होतं, त्याचा फक्त चौथरा राहिला होता. त्यावर आम्ही जेवायचो.

तेरणेचं_पाणी
मारुती सगळ्याच गावांना होता. नव्या गावाच्या नकाशात मात्र नव्हता. 98 साली वर्गणी काढून आम्हीच बांधला. या एकदा.