मदत हवी आहे: ओट्यापुढे अनवाणी उभं राहून टाचा कशा जपायच्या?

आईची टाचदुखी आता कुठे आटोक्यात आली आहे. मध्यंतरी सकाळी पलंगावरून उतरून पहिली चार पावलं टाकणं म्हणजे दिव्यच असायचं. भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायची, मग जरा चाललं की पाय सुटायचा. डॉक्टरांनी प्लांटर फॅशिआयटिस सांगितलं, म्हणजे टाचेपासून बोटांच्या मुळाशी जाणारा तळव्याचा पट्टा दुखावलाय. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, पण त्याचं फार मनावर घेऊ नका म्हणाले. काही दुखत नाही अशांच्याही टाचेत ते सापडतं.

बाहेर जाताना एमसीआरची (मऊ, सच्छिद्र रबराची) चप्पल ती न चुकता घालते. अडचण घरात आहे. सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत ओट्याशी उभी, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. देवघर स्वयंपाकघरातच, त्यामुळे तिथे चप्पल नाही म्हणजे नाही. "कोरी आहे, उंबऱ्याबाहेर गेलेली नाही" हेही सांगून झालं. तिचा नेम मोडायचा नाहीये, त्यात बसेल असं काहीतरी हवंय. दुखणं उलटू नये एवढंच.

जाड रबरी मॅट घ्यावी का? तेल-पाणी सांडणार, सरकली तर काय, ही भीती आहे. की टाचेला सिलिकॉन असलेले मोजे? बसून भाजी चिरायला उंच स्टूल आणलं होतं, त्यावर सध्या पिठाचे डबे विराजमान आहेत.

(काशाच्या वाटीने तळपाय घासणं चालू आहे, तिला बरं वाटतं. मधुमेह नाही.)

प्रतिसाद
मोजे अजिबात नकोत, ओल्या टाइल्सवर सरळ घसरगुंडी. मॅट घ्या, खालून पकड असलेली, कडा उतरत्या, म्हणजे पाय अडखळत नाही. फार मऊ फोम घेऊ नका, लवकर बसतो. आमची पहिली तशीच वाया गेली.

प्रतिसाद
मी फिजिओथेरपिस्ट आहे. मॅट चांगलीच, पण सलग साडेचार तास उभं राहणं आधी मोडा. सकाळी पाय खाली टेकायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. पोटऱ्या आखडल्या की टाचेवर ताण येतो, म्हणून भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरीही ताणायची. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सहज होतं. आणि ते डबे उतरवा हो!

धागाकर्ती
दोघांचेही आभार. डबे उतरवले, आई म्हणतेय चिरणं बसून करेन, पोळ्या मात्र उभ्यानेच. मॅटबद्दल एक विचारायचं राहिलं: आमचा ओटा एल आकाराचा आहे. कोपऱ्यात एकच मॅट कापून बसवता येते, की दोन घ्याव्या लागतात?