मदत हवी आहे: सगळे दिवसभर कामात, तरी ऑर्डर वेळेवर जात नाही

निमिष
छोटा व्यवसाय आहे, आठ माणसं. कोणी रिकामं बसत नाही, मी स्वतः सकाळी आठपासून उभा असतो. तरी ठरल्या दिवशी माल जात नाही. पाच दिवस सांगतो, नऊ-दहा लागतात. काल एका जुन्या ग्राहकाने फोनवर शांतपणे सांगितलं, "पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली." तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
नवीन मशीन घ्यावं की दोन माणसं वाढवावीत? मशीनचा वेग आत्ताच्या दुप्पट आहे. विक्रेत्याला शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. नियोजन करा, शिस्त लावा असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

सदाफुली
कसलं मशीन? कसला व्यवसाय? बेकरी आहे की लेथ, कसं कळायचं आम्हाला?

टिकटिक
आधी सगळं मोबाइलवर आणा. आमच्याकडे ऑर्डर आली की ॲपमध्ये नोंद, प्रत्येक टप्प्याला टिक. वह्या बंद केल्यापासून कोणाचं काय बाकी आहे ते घरबसल्या दिसतं. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

शिवणयंत्र
माणसं रोजंदारीवर असतील तर नगावर मजुरी द्या. हात आपोआप चालतात. स्वानुभव.

मीनाक्षी_ज
शिवणयंत्र, माझा अनुभव अगदी उलटा आहे. नगावर मजुरी लावली तेव्हा बाह्या शिवणारीने बाह्यांचा ढीग लावला आणि कॉलरवालीकडून काही येईना. ढीगभर बाह्या आणि एकही पूर्ण शर्ट नाही. वर उसवून पुन्हा शिवायचं काम वाढलं ते वेगळंच. आठच महिन्यांत बंद केलं.

शिवणयंत्र
तो दोष पद्धतीचा नाही, कॉलरवालीचा दर कमी ठेवला असणार.

मीनाक्षी_ज
दर सारखाच होता. कॉलरला वेळच जास्त लागतो.

ओंजळ
धागाकर्ते, वेबसाइट आहे का? कामाचे चांगले फोटो टाका, जुन्या ग्राहकांचे अभिप्राय घ्या. नवे ग्राहक मिळाले की एक गेल्याचं वाईट वाटणार नाही.

निमिष
ओंजळ, नवे ग्राहक नको आहेत हो, आहेत तेच रागावलेत.
सदाफुली, छपाईचा व्यवसाय आहे, पुठ्ठ्याची खोकी करतो. ऑफसेट छपाईचं मशीन घ्यायचं आहे. टिकटिक, काय बाकी आहे ते मला तोंडपाठ आहे. 36 जॉब बाकी आहेत. ॲपमध्येही 36च दिसतील.

हिशेबनीस
36 बाकी, आणि रोज किती पूर्ण होऊन बाहेर पडतात? ऑर्डर किती आल्या किंवा किती छापले ते नको, गाडीत किती चढले ते सांगा.

निमिष
सरासरी चार.

हिशेबनीस
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. 36 भागिले 4 म्हणजे 9 दिवस. जॉन लिटल यांनी 1961 साली रांगांबद्दल हे गणिताने सिद्ध केलं: आत अडकलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं, तेवढा सरासरी वेळ लागणारच. माणसं कितीही राबोत. पाच दिवसांचा शब्द पाळायचा तर आत 20पेक्षा जास्त जॉब नकोत, किंवा बाहेर पडणारे वाढायला हवेत.
आता एवढंच सांगा, अर्धवट माल सगळ्यात जास्त कुठे पडून आहे? आठवून नको, उठून बघून या.

निमिष
बघून आलो. पंचिंगसमोर, म्हणजे छापलेला पुठ्ठा खोक्याच्या आकारात कापतो त्या मशीनसमोर. 19 जॉबचे थप्पे आहेत, दोन तर दाराला लागलेत, त्यामुळे ट्रॉली तिरकी करून न्यावी लागते. हे रोजच पाहतो, पण माल तिथेच ठेवायचा असतो म्हणून कधी वेगळं वाटलं नाही.

सदाफुली
पंचिंगही तुमच्याकडेच होतं? आधी का नाही सांगितलंत?

निमिष
खोक्याला पंचिंग लागणारच ना, त्याशिवाय घडी कशी पडेल? एकच मशीन आहे, जुनं पण चांगलं. छपाईची अडचण नाही, ती दिवसाला सहा-सात जॉब काढते. नवीन काम नसलं की मशीनमन पुढच्या आठवड्याचे रिपीट जॉब छापून ठेवतो.

हिशेबनीस
तुमचं हेच वाक्य पुन्हा वाचा. छपाई सहा-सात काढते आणि गाडीत चार चढतात. छपाईचा वेग दुप्पट केला तरी गाडीत चारच चढणार आणि 19चे 30 थप्पे होतील. नवीन मशीनचं कर्ज छपाईसाठी घेऊ नका. आणि ते रिपीट जॉब आगाऊ छापणं आजपासून थांबवा, तेच दारात पडलेत.

टिकटिक
ॲपमध्ये हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

मीनाक्षी_ज
दिसलं असतं हे खरं. पण त्यांच्या थप्प्यांनी दारच अडवलंय, ते बघायला ॲप कशाला?

पाना_दहा_नंबर
मी पंचिंगवर अकरा वर्षं काढली आहेत. एका जॉबवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो? मशीन थांबल्यापासून पुढच्या जॉबचं पहिलं चांगलं शीट निघेपर्यंत. अंदाज नको, घड्याळ लावून.

निमिष
पंधरा-वीस मिनिटं असावीत. उद्या बघतो.

शिवणयंत्र
अवांतर: पुठ्ठ्याच्या कातरणांचं काय करता? आमच्याकडे चिंध्या साठतात, कोणी नेत नाही.

निमिष
मोजलं. 55 मिनिटं. मी स्टूल टाकून बाजूला बसलो, मध्ये बोललो नाही.
मशीन थांबवल्यावर पंचिंगवाला पुढच्या जॉबची डाय, म्हणजे कापायचा साचा, शोधायला गेला. सगळ्या डाय भिंतीला उभ्या टेकवलेल्या, पाठीवर पेन्सिलने लिहिलेलं ग्राहकाचं नाव निम्म्यांवरून पुसलंय. एकेक ओढून उजेडात धरत होता, 14 मिनिटं. मग जुनी डाय चेसमधून, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या चौकटीतून काढली, नवीन बसवली. लॉक करायचा पाना छपाईवाल्याकडे होता. मग नमुना शीट मारलं, एका कोपऱ्यात कट पूर्ण बसला नव्हता, मागे पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, पुन्हा मारलं. असं पाच वेळा. चिकटपट्टी संपली म्हणून ऑफिसात आला. या सगळ्यात तो एक मिनिट बसला नाही. आणि मशीन 55 मिनिटं बंद.
प्रत्यक्ष चालवायला एका जॉबला साधारण 75 मिनिटं.

हिशेबनीस
नऊ तासांचा दिवस धरू, 540 मिनिटं. चार जॉब, प्रत्येकी 130, म्हणजे 520. मशीन 96 टक्के भरलंय. ऑर्डरी अनियमित येतात तेव्हा रांगेचा ढोबळ हिशेब असा: 80 टक्के भरलं तर थांबण्याचा वेळ कामाच्या चौपट, 90ला नऊपट, 95ला एकोणीसपट. शेवटच्या त्या चार-पाच टक्क्यांत तुमचे ग्राहक जात आहेत. 55चे 25 झाले तर चार जॉब 400 मिनिटांत बसतात, म्हणजे 74 टक्के, आणि थांबणं तिपटीच्या आत.

पाना_दहा_नंबर
25 सहज होतील. जास्तीचा एक चेस करून घ्या. चालू जॉब मशीनवर असताना पुढची डाय बाहेर टेबलावर बसवून लॉक करायची. मशीन थांबलं की फक्त चेस बदलायचा. डाय, पाना, चिकटपट्टी, नमुना शीट सगळं आधी ट्रॉलीवर. आणि मागचं पट्ट्या लावलेलं मेकरेडी शीट फेकू नका, डायसोबतच ठेवा. रिपीट जॉबला पुन्हा पाच वेळा मारावं लागणार नाही.

मीनाक्षी_ज
+१. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी हेच केलं होतं. 1969 साली टोयोटात हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. आधी दीड तासावर आणलं, नंतर तीन मिनिटांवर. मशीन थांबवूनच करावी लागतील ती कामं वेगळी, चालू असताना करता येतील ती वेगळी, हीच फोड.

टिकटिक
आठ माणसांच्या जागेला टोयोटाची उदाहरणं कशाला?

पाना_दहा_नंबर
पाना शोधायला लागणारा वेळ टोयोटात आणि आमच्यात सारखाच असतो, दादा.

निमिष
विक्रेत्याला सध्या नाही म्हणून कळवलं. चेस करायला दिला आहे. ट्रॉली आजच लावली, डाय आधी काढून ठेवली, तेवढ्यानेच 55चे 38 झाले.
एक गोष्ट मात्र पटत नाही. आगाऊ छपाई थांबवली, तर दुपारी दोननंतर छपाईचा मशीनमन मोकळा. त्याला नुसतं उभं बघवत नाही, मलाही. चांगला माणूस आहे, त्याला वाटतंय की काम काढून घेतलं.

मीनाक्षी_ज
त्याला तसं स्पष्ट सांगा, कारणासकट. आणि टेबलावर पुढची डाय बसवायचं काम त्याचंच करा. छपाईत रंगावर रंग नेमका बसलाय का ते बघणारी नजर त्याच्याकडे आहे. मी बाह्यावालीला कॉलर शिकवली तेव्हा पहिला आठवडा रुसली होती, आता दोन्ही करते.

निमिष
हे आवडलं. आज बोलतो.

सदाफुली
डाय ठेवायचा रॅक केलात की फोटो टाका. माझ्या भावाकडेही सगळ्या भिंतीलाच टेकवलेल्या आहेत.

निमिष
टाकतो. 140 डाय निघाल्या. मशीनमनच नंबर रंगवतोय, 60पर्यंत झालेत.